सात नंबरचा ठेका

मारेगावच्या जिनिंगमध्ये कामावर आल्यावर गुलाम नबी आधी कोणाशी बोलत नसत. शेडच्या दाराशी डोळे मिटून उभे राहत. आत चोवीस रेचे एकदम धडधडत असायचे. कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र म्हणजे रेचा. रुई एका अंगाला जाते, सरकी खाली पडते. नवख्याच्या कानाला तो नुसता गोंगाट, पण गुलाम नबींना त्यात चोवीस जणांचं बोलणं वेगवेगळं ऐकू यायचं. मग डोळे उघडून म्हणायचे, "अकरा नंबरले सर्दी झाली," आणि पाना उचलून सरळ अकरा नंबरकडे जायचे. जाऊन पाहावं तर खरंच तिथे काहीतरी ढिलं झालेलं असायचं.

वय सहासष्ट. अंगाने काटकुळे, पांढरी दाढी, आणि डोक्यावरच्या टोपीच्या घडीत कापून बेताचं केलेलं एक पोस्टकार्ड. ते पोस्टकार्ड तिथे आहे हे जिनिंगमधल्या सगळ्या बायामाणसांना ठाऊक होतं. ते कशाला आहे, हे मात्र चाळीस वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं.

रेच्यात दोन सुऱ्या असतात. एक जागेवर बसलेली, दुसरी तिच्यासमोर खालीवर नाचणारी. सगळी करामत त्या दोघींमधल्या फटीत आहे. फट मोठी राहिली तर रुई सरकीलाच चिकटून राहते, सरकी केसाळ पडते. लहान राहिली तर सरकी फुटते आणि तिचा चुरा रुईत जातो. कंपनी फट मोजायला पोलादी पट्ट्या देते. गुलाम नबींनी त्या खिळ्याला टांगून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यावर कोळ्यानं घर केलं होतं. फट लावायची वेळ आली की ते सगळ्यांना सांगत, "जा, चाय पिऊन या." माणसं बाहेर गेली की दाराकडे पाठ करून उभे राहत, ओठात बिस्मिल्लाह म्हणत, टोपीतून पोस्टकार्ड काढत, एक घडी घालून दोन सुऱ्यांमध्ये सरकवत. चार मिनिटांचं काम. कार्ड परत टोपीत, आणि बाहेर हाक जायची, "चालू करा."

ही रीत त्यांच्या आजाची. आजा शेख चांद याच जिनिंगात हमाल होता. तेव्हा रेचे विलायतेहून येत. त्यातला एक अजून अंगणात कडुनिंबाखाली उभा आहे. त्याच्या बिडाच्या अंगावर विलायतेतल्या कुठल्या गावाचं नाव ओतलेलं आहे, आणि कापसातला कचरा वेचणाऱ्या बाया त्यावर आपले डबे ठेवतात. तो बसवायला गोरा फिटर आला होता. तोही सगळ्यांना बाहेर काढून मग सुऱ्या लावी. शेख चांद टिनाच्या भिंतीला बाहेरून कान लावून बसे. साहेब आत काय घालतो ते त्याला कधीच दिसलं नाही. पण बरोबर लागलेल्या रेच्याचा ठेका कसा असतो तो त्याच्या कानात बसला. साहेब गेला, रेचा बिघडला, आणि शेख चांद म्हणाला, मी पाहतो. खिशात बहिणीचं पोस्टकार्ड होतं. ते घालून पाहिलं, घडी घालून पाहिलं, कान लावला. ठेका जुळला. त्या दिवसापासून हमालाचा फिटर झाला. मरताना पोराला एवढंच सांगून गेला, की फट दाखवली त भाकर गेली. तेच बापानं गुलाम नबींना सांगितलं.

आणि मग या जानेवारीत जुमा आला.

जुमा टांझानियाचा. तिकडेही कापूस पिकतो. तिथल्या शेतकऱ्यांच्या संस्थेनं नागपूरकडच्या कारखान्यातून रेचे विकत घेतले होते. कारखान्यानं त्यांच्या फिटरला एकवीस दिवस चालत्या जिनिंगवर शिकायला पाठवलं, आणि चालती जिनिंग म्हणून मारेगावची निवडली. पस्तिशीचा, उंच, हसरा माणूस. मॅनेजर नेमसिंग राठोड त्याला घेऊन आला आणि म्हणाला, "नबीचाचा, हा तुमचा चेला. सारं शिकवा."

गुलाम नबी नुसते हसले.

जुमाचं जमलं सगळ्यांशी. इंग्रजी त्याला बरं यायचं आणि नेमसिंगला काम भागण्यापुरतं. बाकीच्यांचं हातवारे करून चाले. पण गंमत अशी की त्याच्या भाषेतही चहाला चाय, चपातीला चपाती आणि दुनियेला दुनियाच. गुलाम नबींना तो पहिल्या दिवसापासून बाबा म्हणू लागला, कारण तिकडेही बापाला बाबाच म्हणतात. जेवणाचा डबा गुलाम नबींच्या घरून जायचा. जुमा रिकामा डबा द्यायला घरी येई तेव्हा त्यांच्या बायकोला, जैबुनबीला, 'मामा' म्हणे. त्यांच्याकडे आईला मामा म्हणतात म्हणे. शेजारची सत्यभामा पदर तोंडाला लावून हसे आणि विचारी, "काहो जैबुनबी, भाचा जेवला का तुमचा?"

शिकवायचं म्हणाल, तर गुलाम नबींनी खूप शिकवलं. पट्टा कसा ताणायचा, वंगण कुठे द्यायचं, चामड्याच्या रोलरला खाचा कशा पाडायच्या. जुमा वहीत लिहून घेई, चित्रं काढी. फक्त फट लावायची वेळ आली की बाबा म्हणत, "जुमा, जा, चाय." जुमा मान डोलावून बाहेर जाई आणि अंगणातल्या विलायती रेच्यावर कप घेऊन बसे. दोन आठवडे झाले. या माणसाला इतका चहा कसा सोसतो, असं बाया म्हणू लागल्या.

एका दुपारी चहाच्या वेळी नेमसिंगनं विषय काढला. तो पेपर वाचणारा माणूस. म्हणाला, "चाचा, दुनियेचं पाहा कसं आहे. तुमच्या आजाच्या वक्ती रेचा विलायतेहून ये. आज विलायतेत रेचा करणारा शोधून सापडत नाही. ते लोक विमानाचे इंजिन करते, औषधं करते, त्यात त्याह्यले जास्त भेटते. धागा काढायची मोठी यंत्रं जर्मनीची होती, मंग जपाननं घेतली, आता चीनची येऊन राह्यली. आन् रेचा पाहाजे त आफ्रिकेतून लोक नागपूरले येते. ज्याले जे परवडते ते तो करते. उद्या आपल्याले दुसरं परवडन, त रेचा जुमाकडं जाईन."

गुलाम नबींनी बशी खाली ठेवली. "आन् तो गोरा फिटर? आजाच्या वक्तीचा? विलायतेतला कारखाना बंद पडल्यावर त्याचं काय झालं?"

नेमसिंगला हे पेपरात कुठे सापडणार? तो म्हणाला, "आता ते कोणं लिहून ठेवलं, चाचा."

तो प्रश्न गुलाम नबी घरी घेऊन आले. जैबुनबी शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. ते खाटेवर बसले आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. यंत्र गेलं तर जाऊ दे, यंत्र लोखंडाचं. पण ठेका गेला तर आपल्याजवळ काय उरलं? आर्णीपासून वणीपर्यंतचे जिनिंगवाले गाडी पाठवून बोलावतात, ते या टोपीतल्या कागदासाठी. पोरानं, जुनेदनं, मोबाइलचं दुकान टाकलं, त्याला यात गोडी नाही. म्हणजे हे आपल्याबरोबर कबरीत जाणार. जाऊ दे. पण परक्याला द्यायचं?

जैबुनबीनं दोरा तोडला. मग बोलली, तेही मशीनकडे पाहत. "मी पहिले गोधड्या शिवत होती, याद हाय? मंग पानिपतच्या चादरी आल्या, गोधडी कोणी घेईना. मंग ब्लाऊज शिवले. आता ते बी तयार भेटते, त गणवेश शिवून राह्यली. आन् शेवया? मारेगावात माह्यासारख्या बारीक शेवया कोणाच्या नोहत्या. सत्यभामीच्या त जाड्या, सुतळीसारख्या."

"मंग तिले काहून शिकवल्या?"

"कारन गणवेश बी मलेच चांगले जमते, आन् शेवया बी मलेच. पण हात दोनच हायेत ना. शेवया करत बसली त तेवढ्या वेळात चार गणवेश राहून जाते. तिले मशीन येत नाही, तिचे हात मोकळे. म्हणून शेवया तिले देल्ल्या. आता ईदीले मी तिच्याकडूनच घेते. आता बारीक करते ती." एवढं सांगून तिनं दुसरी बाही उचलली. "तुमचा तो गोरा फिटर उपाशी नसन मेला. दुसरं कायतरी करत असन. शिकवत असन."

गुलाम नबींना हे पटलं नाही. शेवया आणि रेचा एकच का?

दुसऱ्या दिवशी आर्णीला भाची गझालाची मंगनी होती. मामा म्हणून जावंच लागणार होतं. त्याच दिवशी सात नंबरचा रोलर बदलायचा होता, आणि रोलर बदलला की फट नव्यानं लावावी लागते. नेमसिंगनं आधीच स्पष्ट सांगितलं होतं, की चाचा, यावेळी जुमाच लावील. त्याला काय लागतं ते देऊन जा. एकवीस दिवस तो काय चहाच पिऊन जाईल?

आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. पहाटेच्या नमाजानंतर गुलाम नबींनी पेटी उघडली. जुनेदच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा तिथे होता. चांगल्या जाड, चकचकीत कागदाच्या. त्यातली एक घेतली. घाईत होते, चष्मा लावलेला नव्हता. जिनिंगवर जाऊन जुमाच्या हातात पत्रिका दिली, दोन सुऱ्यांकडे बोट केलं, आणि सांगितलं, की हे मधात घाल, घडी घालून. पत्रिका पोस्टकार्डाच्या दुप्पट जाड. सात नंबरची सरकी संध्याकाळपर्यंत मांजराच्या पिलासारखी केसाळ पडणार, नेमसिंग हात टेकणार, आणि पुन्हा कोणी म्हणणार नाही की जुमा लावील. जुमानं पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, छातीशी हात नेला आणि म्हणाला, "शुक्रान, बाबा."

ते शुक्रान यवतमाळपर्यंत गाडीत त्यांना टोचत राहिलं.

आर्णीला मांडव पडला होता, बिर्याणीची देग चढली होती. पाहुण्यांमध्ये बसून गझालाचे चुलते लग्नपत्रिकेचे नमुने दाखवत होते. एक नमुना हातातून निसटला आणि सतरंजीवर पडला. एका म्हाताऱ्यानं झटकन तो उचलला, डोळ्यांना लावला आणि पोरांना दटावलं, "वर नाव लिहिलंय अल्लाचं. जपून धरा."

गुलाम नबींचा हात दाढीवर होता, तो तिथेच राहिला. जुनेदच्या पत्रिकेवरही वर सोनेरी अक्षरात बिस्मिल्लाह होतं. छापखान्यात स्वतः उभं राहून त्यांनीच ते छापून घेतलं होतं. आणि ती पत्रिका आज सकाळी आपण आपल्या हातानं तेलकट सुऱ्यांमध्ये घालायला दिली. एवढ्या वर्षांत ज्या कामाला ओठातल्या बिस्मिल्लाहशिवाय हात लावला नाही, त्याच कामात कपट करताना तेच नाव सुरीखाली दिलं.

ते उठले. बहीण मागे धावली, "भाईजान, बिर्याणी उतरून राह्यली." त्यांनी हातानंच नको केलं. नाक्यावर यवतमाळची एसटी उभी होती ती धरली. यवतमाळला मारेगावची गाडी तासाभरानं लागली. वाटेत ते तोंडातल्या तोंडात तौबा म्हणत राहिले. बाजूच्या बाईला वाटलं, म्हाताऱ्याला गाडी लागली. तिनं लिंबू दिलं. त्यांनी ते मुकाट्यानं हुंगलं.

मारेगावला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. ते जिनिंगच्या दाराशी आले आणि सवयीनं डोळे मिटले. एक, दोन, तीन करत कान पुढे गेला. सहा. सात. सात नंबर गात होता. खडखड नाही, फरफर नाही. ठेका अगदी शेख चांदचा.

ते आत गेले. सात नंबरच्या खाली हात घालून मूठभर सरकी घेतली. स्वच्छ. फुटलेली एकही नाही. जुमा पलीकडे हात पुसत उभा होता. बाबा दिसताच चेहरा फुलला, पण लगेच थोडा ओशाळला. तो त्यांना ऑफिसात घेऊन गेला. तिथे भिंतीवरच्या घड्याळाच्या वर, दुसऱ्या कोणाचा हात पुरणार नाही इतक्या उंच फळीवर, धुतलेल्या रुमालात काहीतरी गुंडाळून ठेवलेलं होतं. त्यानं ते खाली काढून उलगडलं. पत्रिका. एक डाग नाही.

नेमसिंगनं मध्ये बसून त्याचं बोलणं सांगितलं. जुमा म्हणत होता, की बाबा, माफ करा, तुमचं ऐकलं नाही. त्यावर अल्लाचं नाव होतं. तुमची नजर कमजोर, तुम्हाला दिसलं नसेल. माझ्यानं ते सुरीत घालवलं नाही.

"मंग कायनं लावली फट?" गुलाम नबींनी विचारलं.

जुमानं खिशातून विमानाचा पास काढला. येताना मुंबईला उतरला तेव्हाचा, तेलानं काळा झालेला. म्हणाला, की आधी एक घडी घालून पाहिलं, मग दोन. मग बाहेर जाऊन, रोज बसतो तिथे बसलो आणि ऐकलं. तुम्ही रोज मला चहाला पाठवत होता. मला आधी कळेना, का पाठवतात. मग कळलं, की बाबा आधी कान शिकवतात. तुम्ही लावण्याआधीचा आवाज आणि लावल्यानंतरचा आवाज, मी चौदा दिवस ऐकला. आज तोच जुळेपर्यंत पाना फिरवला.

नेमसिंगला यातलं अर्धंच कळलं. तो म्हणाला, "वा चाचा, शिकवाची पद्धत भारी हाय तुमची."

गुलाम नबी खुर्चीवर बसले. मग टोपी काढली, घडीतून पोस्टकार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाले, "नेमसिंग, याले सांग. मी याले शिकवत नोहतो. मी हाकलत होतो. आन् पत्रिका मी जाणून देल्ली होती, जाड होती म्हणून. नाव वर हाय ते मात्र खरंच दिसलं नाही."

नेमसिंगनं ते इंग्रजीत सांगितलं की सांगितलं नाही, कोण जाणे. जुमानं मात्र पोस्टकार्ड उचललं, बोटांच्या चिमटीत धरलं, मग आपला पास धरला, आणि हसून म्हणाला, "सावा सावा." त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ एकसारखं. आणि बाबांच्या टोपीत त्यानं ते स्वतःच्या हातानं परत खोचलं.

घरी जैबुनबीनं सगळं ऐकून घेतलं. पत्रिका डोळ्यांना लावून पेटीत ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे तुमच्या आजानं केलं तेच त्यानं केलं. भिंत मधात होती तरी शिकला. मंग लपवून ठेवलं कायले इतके दिवस?" आणि बिर्याणी सोडून आलेल्या नवऱ्यापुढे वरण-पोळी ठेवली.

उरलेले सात दिवस गुलाम नबींनी काही हातचं राखलं नाही. पावसाळी हवेत चामडं फुगतं तेव्हा घडी कशी बदलायची, ओला कापूस आला तर काय करायचं, सगळं सांगितलं. दाराकडे पाठ करायचं सोडलं. कचरा वेचणाऱ्या बायांनी पोस्टकार्डाचं काम डोळ्यांनी पाहिलं तेव्हा त्यांच्यातली वच्छलाबाई म्हणाली, "यवढंच होय? मी समजली, ताईत बांधते का काय." जुमा गेला त्या दिवशी सत्यभामेनं शेवयांची पुडी दिली, आणि ती बारीक होती.

मार्चच्या शेवटी, ईद झाल्यावर, जुनेदच्या मोबाइलवर तिकडून एक व्हिडिओ आला. नवी शेड, नवे रेचे, जुमा मधोमध हात जोडून उभा. गुलाम नबींनी चित्राकडे पाहिलंच नाही. मोबाइल कानाला लावला, डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, "जुनेद, त्याले लिही. उजव्या हातचा तिसरा, त्याले सर्दी झाली." दोन तासांनी उत्तर आलं. तिसऱ्याचा एक नट ढिला निघाला होता.

ती गोष्ट जुमानं तिकडे सांगितली, आणि तिकडून ती नागपूरच्या कारखान्यात पोचली. पावसाळ्यात कारखान्याचा माणूस मारेगावला आला. म्हणाला, की सुऱ्या लावणारे आम्हाला पुष्कळ मिळतात, ऐकायला शिकवणारा मिळत नाही. नव्या हंगामात दर महिन्याला दोघे-तिघे पाठवू का? गुलाम नबींनी जैबुनबीकडे पाहिलं. ती शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "मी कवाची म्हणून राह्यली होती, तो गोरा शिकवत असन म्हणून."

आता दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली आहे. पहिल्या तुकडीत दोघे युगांडाचे आहेत आणि एक यवतमाळच्या आयटीआयची दीपा आहे. रेच्याला हात लावायला कधी मिळणार म्हणून तिघंही पहिल्या दिवसापासून अधीर. गुलाम नबी दाराशी उभे राहून त्यांना सांगतात, "जा, चाय पिऊन या."

तिघंही कडुनिंबाखाली विलायती रेच्यावर जाऊन बसतात. सहाव्या दिवशी दीपा चिडून आत आली आणि म्हणाली, "बाबा, किती चहा प्यायचा अजून? नऊ नंबर सकाळपासून खोकलून राह्यला, तिकडं तुमचं ध्यान नाही."

गुलाम नबींनी पाना तिच्या हातात दिला आणि विचारलं, खिशात काय आहे? तिनं चाचपलं. एसटीचं तिकीट निघालं, मशीनमधून निघतं तसलं, पातळ. तिनं त्याला एक घडी घातली, चिमटीत धरून पाहिलं, आणखी एक घातली. मग बिस्मिल्लाहसारखं आपलं काहीतरी ओठात पुटपुटली आणि बंद केलेल्या नऊ नंबरवर वाकली. ते पातळ तिकीट किती घड्यांनी जमतं ते गुलाम नबींना माहीत नव्हतं. ते कडुनिंबाखाली जाऊन बसले, दुसऱ्या कोणी ओतून ठेवलेला चहा उचलला, आणि कान लावून वाट पाहू लागले.